ज्याचा त्याचा रंग

"मी सकाळी वेबसाइट निळी केली होती. कार्यवाहांनी परत हिरवी केली. आत्ता त्यांच्या मोबाइलवर पाहिली मी," वाचनालयाचे अध्यक्ष फोनवर तणतणले.

वेबसाइट बनवून देणाऱ्या केतकीने कपाळावर हात मारला. रंगावरून या दोघांनी महिनाभर तिचं डोकं खाल्लं होतं. शेवटी वैतागून तिने वेबसाइटवर रंग बदलायचं बटणच देऊन टाकलं. ज्याला जो हवा, तो त्याने निवडावा.

"सर, त्यांचा हिरवा फक्त त्यांच्या मोबाइलवर दिसतो. तुमच्याकडे निळाच राहील."

सुटले एकदाची, असं केतकीला वाटलं.

"म्हणजे माझा निळा त्यांना दिसतच नाही?"

"नाही, सर."

"मग उपयोग काय त्याचा? काढून टाक ते बटण."