शेजारचा तुकडा

“नदीकाठ नको, पूर येईल. आणि त्या टेकडीवर माती टिकायची नाही.” मोडलेला पाय उशीवर टेकवून विश्वंभरराव पुतणीच्या टॅबवरील शेतीच्या खेळातही जमीन पारखून घेत होते.

“तात्या, खेळ आहे हो! मांडा की कुठेतरी शेत,” अनघा हसली. दोन घरांतला अबोला ओलांडून ती रोज त्यांचे मन रमवायला येई. हे उपकार त्यांनी कधी बोलून दाखवले नव्हते. मनात मात्र जपले होते.

नकाशा सरकवता सरकवता एक नीटस शेत दिसले. विहिरीपाशी सूर्यफुले फुललेली, आणि कुंपणाला लागूनच एक रिकामा, खडकाळ तुकडा.

“हे कुणाचं?”

“बाबांचं,” ती जराशी घुटमळली. “शेजारचा तुकडा ते कुणालाच घेऊ देत नाहीत. ‘दादासाठी ठेवलाय’ म्हणतात.”

विश्वंभररावांनी तो तुकडा बोटांनी मोठा करून पाहिला. वीतभर बांधावरून ज्या धाकट्या भावाशी त्यांनी बोलणे तोडले होते, त्यानेच त्यांच्यासाठी शेजार राखला होता.

“हाच घे.”

“अहो, नुसते दगड आहेत तिथे!”

“वेचीन. शेजार चांगला आहे.”

शेत मांडताच पडद्यावर भावाने आधीच लिहून ठेवलेला संदेश उमटला: “ये दादा. इथं बांध कोरता येत नाही. मी करून पाहिलंय.”

विश्वंभररावांनी आधी अनघाच्या डोक्यावर हात ठेवला. मग मात्र त्यांना हसू आवरेना.