एकाहत्तर नंबरचा पुतळा

"एक सही करायला तुमचे हात झिजतात का हो?" गॉर्डीने कागद पुन्हा त्या हडकुळ्या म्हाताऱ्यापुढे धरला.

म्हातारा शेगडीवर हात शेकत उभा होता. डॉकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा सामना असला की स्टेडियमच्या पार्किंगमध्ये सकाळपासून शेगड्या पेटतात. कुणीही यावं, कुणाच्याही शेगडीवरचं सॉसेज उचलावं, समोरच्या टीमला दोन शिव्या घालाव्यात आणि पुढे जावं, अशी तिथली रीत. या गृहस्थाने गॉर्डीच्या हातची दोन सॉसेजं खाल्ली आणि सहीला मात्र सरळ नाही म्हणाला. गॉर्डीला ते फार लागलं.

कागद डॉकर्सचा जुना खेळाडू, एकाहत्तर नंबरचा ट्रक प्रुसाक, याच्या पुतळ्यासाठी होता. सोमवारी क्लबच्या बैठकीत निर्णय होता, आणि सह्यांसाठी गॉर्डी दोन वर्षं दारोदार हिंडला होता. चेंडू घेऊन पळणाऱ्यांचे तीन पुतळे स्टेडियमच्या दारात होते. पण त्यांच्यासाठी अंगावर धडका घेऊन वाट मोकळी करणाऱ्या पुढच्या फळीतल्या गड्यांना कोण विचारतो?

"पुतळा करायचाच तर त्याच फळीतल्या मोस्लीचा करा," गॉर्डीचा मेव्हणा क्लेम सॉसेज उलटत म्हणाला. "डोकं होतं त्याला. तुझा ट्रक नुसता रेडा."

"तुझा मोस्ली गुडघा दुखला की आईला हाक मारायचा. गप बस आणि ते जळतंय बघ."

मग गॉर्डी म्हाताऱ्याकडे वळला आणि हजारदा सांगितलेलं पुन्हा सांगू लागला. एक्क्याऐंशी सालचा उपांत्य सामना. बर्फ पडत होता. ट्रकच्या डोक्याला धडक बसली आणि तो पालथा पडला, दोन मिनिटं हललासुद्धा नाही. साठ हजार माणसं चिडीचूप. मग ट्रकने एक गुडघा टेकला आणि तो उठून उभा राहिला. नुसता उभा नाही, पुढचा अख्खा अर्धा सामना खेळला आणि जिंकून दिला.

"तेव्हा मी एकोणीस वर्षांचा. माझ्या बापाने जन्मात पहिल्यांदा मला मिठी मारली," गॉर्डी म्हणाला. "बायको गेली तेव्हा दोन महिने मी अंथरूण सोडलं नव्हतं. शेवटी ट्रक डोळ्यांपुढे आणला आणि उठलो. पुतळा तसाच हवा. गुडघा टेकून उठणारा."

म्हाताऱ्याने शेगडीवरचे हात उलटे केले.

"नाहीतर फळीत त्याच्या शेजारी खेळणारा तो अडुसष्ट नंबर बघा." गॉर्डी थांबेना. " ऑस्ट्रॉम. अंगाला साधं खरचटलेलं नसताना अठ्ठाविसाव्या वर्षी शेपूट घालून पळाला."

"भागूबाई," क्लेम म्हणाला. एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं.

"पळाला खरा," म्हातारा म्हणाला. "पण त्या दिवशी ट्रक उठला नव्हता. त्याला उठवला होता."

गॉर्डी पुढे सरसावला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"डोकं ठिकाणावर आहे का बघायला डॉक्टरने ट्रकला विचारलं, आज वार कोणता. मागून कुणीतरी कुजबुजलं, रविवार. गाव कोणतं, तेही मागूनच आलं. आपला गडी आपण बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा फळीचा कायदा. पुढे तुम्ही लोक असे ओरडत होतात की मैदानात कानाला काही ऐकू येईना. तशीही ट्रकला स्वतःचं नाव आठवत नव्हतं. मग शेजारचा त्याच्या मांडीवर दोन थापा मारायचा. डाव्या मांडीवर मारल्या की ट्रक डावीकडे धडकायचा, उजव्या मांडीवर मारल्या की उजवीकडे. अर्धा सामना तसाच खेळवला त्याला. पुढल्या वर्षी त्या शेजाऱ्याचं पाऊल मैदानात पडेना."

"अहो, तो शेजारी ऑस्ट्रॉम होता," गॉर्डी म्हणाला.

"मीच तो."

क्लेमच्या हातातला चिमटा तसाच राहिला. गॉर्डी बघतच राहिला. ऑस्ट्रॉम म्हणजे एकशे तीस किलोचा पहाड, आणि हा तर वाऱ्याने उडेल. पण खुराक तुटला की हे गडी असेच ओसरतात, आणि हेल्मेटमागचा चेहरा पाहिलाय कुणी?

"ट्रक कुठे असतो आता?" क्लेमने हळूच विचारलं.

"माझ्या घरी. सात वर्षं झाली, त्याची बायको गेल्यापासून. चला, त्याचीच सही घ्या."

तीन गाड्या सोडून ऑस्ट्रॉमची जुनी गाडी उभी होती. पुढच्या सीटवर तो अवाढव्य माणूस मांडीवर हात ठेवून बसला होता. गॉर्डीने टोपी काढली. या भेटीसाठी चाळीस वर्षं घोकून ठेवलेल्यातलं एक अक्षर त्याला आठवेना.

"ट्रक, मी गॉर्डी," तो कसाबसा म्हणाला.

ट्रकने गॉर्डीच्या जर्सीवरचा एकाहत्तर आकडा बराच वेळ निरखला. मग फार गोड हसून त्याने विचारलं, "हा नंबर कुणाचा रे?"

गॉर्डीने हातातला कागद दुमडला.

"चल गड्या, उतर," ऑस्ट्रॉमने दार उघडलं. "सामना सुरू होईल."

ट्रक समोर बघत बसून राहिला. ऑस्ट्रॉम वाकला आणि त्याने ट्रकच्या उजव्या मांडीवर दोन थापा मारल्या.

ट्रकने उजवा पाय खाली टेकला आणि तो उठून उभा राहिला.