चारशे बारा दाखले

लोकताक तलावातल्या तरंगत्या गवताच्या बेटांवर आमच्या प्राध्यापक गौराचंद्र ओजांनी सहा वर्षं संशोधन केलं. मुक्काम बेटावरच्या तोंबी कोळणीच्या झोपडीत, जेवण तिच्याच हातचं; तिला ते 'इचे', म्हणजे ताई म्हणत. बेट किती पातळ होतंय ते त्यांनी मोजलं आणि बेटावरचा माणूस गेला की बेट कोणाचं, हेही तपासलं. त्यावरच्या त्यांच्या शोधनिबंधाचा दाखला जगभरच्या चारशे बारा निबंधांत आला.

यंदा तोंबीचा नवरा गेला. सरकारी कचेरी म्हणाली, वारस दाखला आणा, नाहीतर झोपडी हलवा. ती थेट विद्यापीठात आली.

"ओजा, तुमच्याकडे म्हणे चारशे बारा दाखले आहेत. मला एक पुरे."

"ते दाखले वेगळे, इचे."

"माझे मासे खाताना नाही म्हणालात, हे दाखले वेगळे म्हणून!"

ओजा वरमले. त्यांनी स्वतः तिचा अर्ज लिहिला आणि वजन यावं म्हणून आपला निबंध जोडला. महिन्याने त्यांच्याच पत्त्यावर उत्तर आलं: 'तरंगत्या जमिनीला कायद्याने वारस नसतो. अर्ज नामंजूर. दाखला: सोबतचा निबंध, पान एकोणीस.'

"मिळाला का हो दाखला?" तोंबीने विचारलं.

"मिळाला," ओजा म्हणाले. "चारशे तेरावा."