वाळवंटातला पाव

पावाचा वास शेवटच्या बाकापर्यंत पोचला आणि पडद्याआड उभ्या असलेल्या बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनी बेकरीवाल्याकडे कालचा, दगडासारखा पाव मागितला होता. मुलांचं नाटक आहे म्हटल्यावर त्याने मोठ्या मनाने ताजा, गरम पाठवला.

समोर वाळवंट होतं. म्हणजे प्रार्थनाघराच्या फरशीवर अंथरलेली पिवळी चादर. रंगीत काचांतून उतरलेलं दुपारचं ऊन तिच्यावरून हळूहळू सरकत होतं. चाळीस दिवसांचा उपाशी येशू त्या उन्हात बसला होता. आणि तो येशू होती मनी.

मनी हे काही तिचं खरं नाव नव्हे. वर्गात कुणाचाही डबा ती वासावरून हुडकून काढी, म्हणून ते पडलेलं. येशूचं काम खरं तर वर्गातल्या सर्वांत गुणी मुलीचं. पण ती तापाने फणफणली आणि सगळे संवाद पाठ असलेली एकटी मनीच उरली. ही पाव फस्त करील आणि आपलं हसं होईल, असं फादर म्हणाले होते. बाईंनी तिची हमी घेतली. मनीला मात्र दहादा बजावलं, की येशूला मोह शिवतसुद्धा नाही. पावाकडे ढुंकूनही न बघता 'नको' म्हणायचं.

"तू नुसतं म्हण, की दगडाचा पाव होईल," सैतान झालेला मुलगा म्हणाला. "हा बघ, असा. आतून मऊ आहे."

'आतून मऊ' हे नाटकात नव्हतं.

मनीने पावाकडे पाहिलं. पाहतच राहिली. मग तिचा हात उठला. बाईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सगळं स्वप्नातल्यासारखं संथ झालं होतं. हात पावाच्या वर थांबला होता आणि बोटांवर निळं-तांबडं ऊन पडलं होतं. मनीचे डोळे भरून आले होते.

"नको," ती म्हणाली. अगदी हळू. पण ते प्रत्येकाला ऐकू गेलं.

नाटक संपल्यावर बाईंनी तिला जवळ घेतलं, शाब्बास म्हटलं, आणि मग इतक्या वर्षांच्या सवयीने चूकही सांगितली. अगं, येशूला तो पाव हवासा वाटतच नव्हता.

मनी तोवर त्याच पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबत होती. ती चावायची थांबली.

"मग त्याला 'नको' म्हणावं तरी कशाला लागलं, बाई?"