डोंगरावरचं तळं

लेकीच्या खोदकामाचा शेवटचा दिवस होता. या उघड्याबोडक्या डोंगरावर कधीकाळी तळं होतं, असं ती जीव तोडून सांगायची. पण चार महिने दगड फोडूनही एकाही माशाचा ठसा मिळाला नव्हता. डबा घेऊन आलेले बाबा इथल्याच खाणीतले जुने पाथरवट. पोरीचा उतरलेला चेहरा त्यांना बघवेना. हातोडी उचलून त्यांनी एकेक दगड कान देऊन वाजवला. “हा बोलतोय बघ.” छिन्नीच्या तीन हलक्या ठोक्यांत दगड वहीसारखा उघडला. आत बोटाएवढ्या माशांचा घोळकाच होता, खवलंन्‌खवलं शाबूत. लेक बाबांना धरून गरागरा नाचली. “बाबा, पाच कोटी वर्षांपूर्वी इथे काठोकाठ पाणी होतं!” बाबांनी माशांकडे पाहिलं, मग उताराखालच्या विहिरीकडे बघत कपाळाला हात लावला. “आणि मी वेडा तीस वर्षं तिथून कळश्या वाहत होतो!”