बाहुल्याचा ओठ

माझा पहिलाच कार्यक्रम, शेजारच्या छकुलीच्या वाढदिवसाचा. जादूचा रुमाल बाहीतच अडकला, फुग्याचा कुत्रा शेपटी वळतानाच फुटला. "काका, तुम्हाला काहीच येत नाही!" मुलं ओरडली. घाबरून मी बाहुला हातावर चढवला. शिंपीकाम करणाऱ्या बाबांनी उरल्यासुरल्या अस्तरातून शिवलेला, इवल्या खिशाचा, इवल्या बटणाचा. त्याच्या तोंडून नकळत बाबांचंच तोतरं बोलणं निघालं: "ब-ब-बाळांनो, ज-ज-जेवलात का?" मुलं हसून लोळली. "पुन्हा! पुन्हा!" तिथंच थांबायला हवं होतं. मी बाहुल्याला आणखी अडखळवलं. मागे फुग्यांचा पंप धरून उभे असलेले बाबाही हसत होते. घरी आईनं विचारलं, "कसा झाला हो लेकाचा खेळ?" एरवी शब्द कितीही अडला तरी बाबा तो हट्टानं पूर्ण करत. आज त्यांनी नुसती मान डोलावली. मग चष्मा लावून बाहुल्याचा उसवलेला ओठ शिवायला बसले.