डावी चप्पल

अमरची डावी चप्पल बयनाबाईच्या खाटेखाली गेली तेव्हा आदिलाबादची बस यायला वीस मिनिटं होती. बस चुकली तर शिक्षक पात्रता परीक्षा चुकणार होती. परीक्षा चुकली तर बापानं कापूस वेचायला त्याला बिनपरीक्षेचं पात्र ठरवलंच होतं.

पण गावचा नेम मोडता येत नव्हता. कोणाचा सरकारी कागद वाचायला घेतला की डावी चप्पल कागदवाल्याच्या खाटेखाली ठेवायची आणि पुरता अर्थ सांगूनच परत घ्यायची. मागं एका शहाण्यानं अर्धी नोटीस वाचून बस पकडली होती. गावानं त्या अर्ध्यावर भरवसा ठेवून साठ बैल तहसील कचेरीपुढं नेऊन उभे केले. उरलेल्या अर्ध्यात लिहिलं होतं की बैलांची संख्या कळवावी.

बयनाबाई खाटेवर मांडी घालून बसली होती. घरात ती एकटीच. मागच्या दारातून तळं दिसत होतं. गाव तेलंगणातलं, म्हणून कागद तेलुगूत होता आणि तिला त्यातलं अक्षरही येत नव्हतं. अमरला अक्षरं लागत होती, पण त्याची तेलुगू बाजारात शिकलेली. कचेरीची तेलुगू बाजाराला येत नाही. मोबाइल परीक्षेत नेऊ देत नाहीत म्हणून त्यानं घरी ठेवला होता.

पहिल्या ओळीत बयनाबाईचं नाव होतं. दुसरीत ‘शिखम’ असा शब्द आला. अमर थांबला. पिशवीतल्या गाईडमधला उतारा त्याला तोंडपाठ होता : अनोळखी शब्द आला तर घाबरू नये, मागचंपुढचं वाचून अर्थ काढावा. मागं तळ्याचं नाव होतं, पुढं पाणी किती चढतं त्याचं माप.

“शिखम म्हंजे तळ्याच्या पोटातली जागा,” तो म्हणाला. “तुमचं घर तिथं हाये म्हणते कागद.”

“पाण्यात?”

“कागदावर तरी पाण्यात.”

कागदाच्या हिशेबानं बयनाबाई पस्तीस वर्षं पाण्याखाली स्वयंपाक करत होती. तिनं कोरड्या ठणठणीत भिंतीकडं एकदा पाहिलं आणि पुढं वाच म्हणाली.

पुढं शेवटचीच ओळ होती. ‘घर’ कळलं, ‘सात दिवस’ कळलं आणि मग आलं ‘तोलगिंचवलेनु’. अमरनं मागचं वाचलं. पुढं काही नव्हतंच, फक्त शिक्का. घर सात दिवसांत काहीतरी करायचं होतं. दुरुस्त करायचं, रंगवायचं, की काय? वाक्यात सगळंच बसत होतं. पाण्यातलं घर म्हटल्यावर होडी बांधून ठेवा हेसुद्धा बसलं असतं. गाईड इथंच संपत होतं.

लांब वळणावर बसचा हॉर्न वाजला. दुरुस्त करा असं सांगावं आणि निघावं, असं त्यानं ठरवलं. चप्पल हाताशी असावी म्हणून तो खाटेखाली वाकला.

खाली चार चपला होत्या. सगळ्या डाव्या.

एक त्याची. एक निळी स्लीपर शेजारच्या दौलतची. दौलत चार दिवसांपासून एका पायात स्लीपर घालून हिंडत होता आणि कोणी विचारलं की नवस आहे म्हणत होता. सोनेरी पट्ट्याची सँडल अंगणवाडीच्या रुपाबाईची. तिनं पाय मुरगळला म्हणून सुट्टी काढली होती. चौथा बूट शाळेतल्या सरांचा. सर तर तेलुगूचेच.

अमर वाकलेलाच राहिला. मागचंपुढचं सगळं त्या खाटेखाली होतं. चांगली बातमी सांगायची सोडून कोणी एका पायानं पळत नाही.

तो उठून बसला. बयनाबाई त्याच्याकडं पाहत होती. आधी कोणी वाचलं होतं का, असं त्यानं विचारलं.

“तिघं आले. याच शब्दापाशी एकाले तहान लागली, एकीचं दूध उतू गेलं, सराले फोन आला.” तिनं पदर सारखा केला. “अर्थ मले समजला, बाबू. चपलाइनं सांगतला. पण एखाद्या माणसानं तोंडानं सांगावं म्हणून बसून राह्यली.”

बस फाट्यावर येऊन थांबली. कंडक्टरनं दोनदा शिट्टी मारली. अमरनं कागद खाली ठेवला.

“पाडा म्हणते, आजी. सात दिवसांत.”

बयनाबाईनं मान हलवली, खाटेखाली हात घालून त्याची चप्पल शोधून काढली आणि त्याच्यापुढं ठेवली. अर्थ पुरा झाला होता. नेमाप्रमाणं तो मोकळा होता.

“जाय. परीक्षा हाये नं तुही.”

अमरनं कागदावरची तारीख पाहिली. पाच दिवस होऊन गेले होते. त्यानं पिशवीतून परीक्षेचा पेन काढला आणि कचेरीला उत्तर लिहायला कोरा कागद मागितला. मग पायातली उजवी चप्पल काढून डावीला लावली आणि दोन्ही खाटेखाली सरकवल्या.

तिथं पहिल्यांदाच एक जोड पुरा झाला.